रशनूचा उजवा हात

पार्सा. बागयादीचा महिना, द्राक्षं तुडवून झाल्यावर.

सार्दिसच्या ठाण्यावर माझे धनी बगपात यांना अर्तिमाकडून पुष्कळ क्षेम आणि पुष्कळ बळ.

इथे सगळी खुशाल. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण जीभ ठणठणीत आहे. हे वाक्य लिहून झाल्यावर नबूरीकाकांनी विचारलं, "हे खरंच पाठवायचं?" म्हटलं, पाठवा, त्या समोरच बसल्यात. नबूरीकाका म्हणजे तेच आपले वेशीजवळचे लेखनिक. यंदाची दारू आंबट झाली म्हणतात आणि पेला पुन्हा पुढे करतात.

तुमची तांबडी घोडी व्याली, शिंगरू देखणं आहे. वन्संनी नवऱ्याशी भांडून माहेर गाठलं होतं, चार दिवसांत स्वतःच परत गेल्या. डाळिंबं फुटायला लागलीत, कितीही वाटली तरी संपत नाहीत.

बर्फ वितळलं की तुम्ही येणार, रशनूला पाचवं पुरं होणार आणि तुम्ही त्याला पहिल्यांदा पाहणार. घरात आत्तापासून धुमाकूळ चाललाय. सासूबाईंना वाढदिवसाला अख्खा बैल भाजायचाय. वन्सं जाता जाता म्हणाल्या, "बैल काय, लोक उंट भाजतात." मी म्हटलं, मग गाढव भाजा, स्वस्तात होईल. तर रशनूने असं भोकाड पसरलं म्हणता! ते गाढव त्याचं आहे ना. दिवसभर त्याच्याच पाठीवर असतो, डाव्या हाताने आयाळ धरून. दोनदा आपटला, रडला नाही. तिसऱ्यांदा रडला, पण गाढवाला लागलं म्हणून.

डाव्या हाताने असं का म्हटलं, ते सांगते. आधी गोडाचं सांगते. मनुका, अंजीर, मधात घोळलेले बदाम...

जाऊ दे. काका लेखणी थांबवून माझ्याकडे बघतायत. त्यांना माहीत आहे. सगळ्या आळीला माहीत आहे, तुम्हांलाच तेवढं नाही.

मागच्या हिवाळ्यात रशनूला ताप आला. तुमचा मुलगा वाचणार नाही असं वाटलं होतं. वाचला. पण ताप उतरला तेव्हा उजवा हात खांद्यापासून लुळा पडला होता. वैद्य झाले, पुरोहितांचे मंत्र झाले, बकरीच्या चरबीने चोळून चोळून माझी बोटं सोलली. हात तसाच आहे. आता वाढतही नाही, दुसऱ्या हाताहून बारीक राहिलाय.

तुम्हांला कळवलं नाही, कारण आपल्यात कळवत नाहीत. पाच वर्षं पोर बापाच्या दृष्टीस पडू द्यायचं नाही, त्याचं दुखणंखुपणं कानावर घालायचं नाही. मेलंबिलं तर बापाला दुःख नको. आईला दुःख चालतं वाटतं! तिचा विचार करायला कुणाला सवड झालेली दिसत नाही.

आता खरी गोष्ट. त्या दिवशी तुम्ही सगळ्या भावकीसमोर त्याचा उजवा हात धरून त्याला बायकांतून पुरुषांच्या बैठकीत नेणार. तिथून पुढे तो शिकणार घोडा, धनुष्य आणि खरं बोलणं. धनुष्य काही त्याच्या हातून व्हायचं नाही. मला भीती धनुष्याची नाही, तुमच्या तोंडाची आहे. तुमच्या मनात येतं ते तुमच्या तोंडावर दिसतं, आणि त्याला मोठ्यांची तोंडं वाचता येतात. तुम्ही हात धरलात आणि सोडून दिलात, तर पोर जन्मभर विसरणार नाही. मीही नाही.

सासूबाईंनी यावर तोड काढली. लांब बाह्यांचा डगला शिवायला घेतला. म्हणाल्या, "दरबारात राजासमोर सगळेच हात बाह्यांत घालून उभे राहतात. तसाच आपला रशनू. लोक म्हणतील, काय वळण आहे पोराला! माझ्या मुलाला चारचौघांत धक्का नको."

मी म्हटलं, "ज्या दिवशी त्याला खरं बोलायला शिकवायला घ्यायचं, त्याच दिवशी त्याला लपवायचं? आणि हात धरल्यावर कळणारच ना त्यांना?"

"तोंड वर करून बोलू नकोस मला!"

"बोलणार! माझं पोर आहे."

असं आमचं जोरदार वाजलं. दोन दिवस एका चुलीवर दोन भांडी. तिसऱ्या दिवशी त्या डगला मांडीवर घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या आणि मला माहीत नसलेलं बोलल्या. तुमच्याआधी त्यांना एक मुलगा होता. तीन वर्षांचा होऊन गेला. मामंजींनी त्याला पाहिलेलंच नव्हतं. त्या संध्याकाळी ते रोजच्यासारखे पोटभर जेवले आणि शिकारीच्या गोष्टी सांगत बसले. "त्यांची काय चूक?" सासूबाई म्हणाल्या. "पण मला त्यांच्या ताटात वाढवत नव्हतं गं." मग डोळे पुसून म्हणाल्या, "नबूरीला बोलाव. लिही त्याला सगळं."

म्हणून हे पत्र. रशनू डगला घालणार नाही. तुम्हांला त्याचा हात धरवणार नसेल, तर आत्ताच कळवा. रागावणार नाही, असं म्हणत नाही. पण मग मी बैल भाजणार नाही, भावकीला बोलावणार नाही, आणि पोराला अजून बाप आहे असं सांगणार नाही. तो माझ्याजवळ वाढेल.

काका रडतायत. म्हटलं, अक्षरं पुसतील, लांब व्हा.

उत्तराची वाट पाहते.

रशनूची आई, आणि तुमची, तुम्ही म्हणाल तर,
अर्तिमा

---

सार्दिस. पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी.

अर्तिमाला क्षेम आणि बळ.

इथल्या लेखनिकाने तुझं पत्र वाचून दाखवलं. आईच्या जिभेचं वाक्य आलं तेव्हा तो हसला, मीही हसलो. पुढे त्याला थांबवलं आणि बाहेर जाऊन आलो. मग उरलेलं ऐकलं.

मला भाऊ होता हे मला माहीत नव्हतं.

बैल भाजायचा. भावकीतलं एकही माणूस वगळायचं नाही. पोराला बिनबाह्यांचं काहीतरी शीव, डगला आईला गुडघ्यांवर पांघरायला ठेव. मी उजवाच हात धरीन. आतापासून सांगून ठेव त्याला, नाहीतर अनोळखी माणूस म्हणून बिचकेल.

माझ्या तोंडाचं काय करणार, ते मला माहीत नाही. रडू आलं तर येईल. तेही त्याला आधीच सांग, म्हणजे आपल्यामुळे रडतोय असं त्याला वाटायचं नाही.

बापाला दुःख नको म्हणून पोर दाखवत नाहीत, असं तू म्हणतेस. काल रात्रभर मला झोप नव्हती, अर्तिमा. म्हणजे तू मला तो दाखवलास.

रशनूचा बाप