शेठची बोलकी दारं

गुरुवार, ३/१०/०२
शेठच्या बंगल्यातून दारं आली. टेम्पोत आडवी, वरून ताडपत्री. गल्ली जमली, कुणाच्या घराची दारं काढली म्हणून. दारं कशाची, स्पीकर हायेत. माणसाहून उंच, पाटाएवढे जाड. बियाण्याच्या कामाला अमेरिकेला गेल्ते शेठ, तवा आणलेले. आत नेहमीचा गोल भोंगा न्हाई. ताणलेला प्लास्टिकचा पडदा, त्याला चिकटवलेल्या तारा, अन् कडेनं वरून खालपर्यंत अल्युमिनियमच्या पन्नीची एक बारीक पट्टी. बारीक आवाज तीच काढते. आमचे हे तिला रिबन म्हणतात.
वरचा कपडा उसवला अन् शी! उंदराचं घर, पालीची अंडी, मुताचा वास. शेठची सून दारांवर ओले टॉवेल वाळू घालायची म्हणे. बंगला एवढा, अन् टॉवेलला दोरी न्हाई.
ह्यांना आता बारीक तार दिसत न्हाई. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाच्या पाटीवर नाव ह्यांचं, उंदराच्या लेंड्या मी काढायच्या.

शनिवार, ५/१०
तारांचा जुना गोंद सडून काकवी झालाय. पडदा वाजवला की सुटलेल्या तारा पापडासारख्या फडफडतात. थिनरनं पुसून राह्यले. बोटं चिकट, डोकं गरगर. भाकरीला पण तोच वास. टाकली.
शेठाणी आल्ती. नाकाला पदर. तुमच्याच घरची घाण हाय ती, म्हणावं वाटलं.
म्हणाली, "बाई, दिवाळीला पोरगा आमाला सुरतेला नेऊन राह्यला. दसऱ्याला वाजले तर संग घेऊ म्हणतो, न्हाई तर भंगारात. शेठचे डोळे गेले. आता कान तेवढेच."
भंगारात म्हंजे एमआयडीसीत, लोखंडाच्या भट्टीत. मी म्हणून गेले, "वाजवून देते. खऱ्या पट्टीवर."
ती गेल्यावर हे, "दुकान माझं का तुझं?"
"हात कुणाचे?"
हे चष्मा पुसत बसले.

बुधवार, ९/१०
तारा बसल्या. आता पट्ट्या. जुन्या दोन्ही कुजून गेल्यात. मिठाईच्या डब्यातली पन्नी लावून बघितली. जाड. आवाज मुका. जुन्या अँप्लिफायरचे कंडेन्सर फोडले, त्यात गुंडाळलेली पन्नी एकदम पातळ, श्वासानं उडते. पण तेलाचा असा घाणेरडा वास, मेलेल्या उंदरापेक्षा वाईट.
पट्टीला निऱ्या पाडाव्या लागतात, न्हाई तर हलत न्हाई. मोडक्या टेपमधल्या दोन दातेरी चकत्या, त्यांच्यातून फिरवायची.
हे डोक्यावर उभे. "हळू. ओढू नको. हळू."
"निऱ्या मला शिकवता? लग्नात मला लुगडं तुमी नेसवलं काय?"
आत्याबाई आतून हसल्या. बऱ्याच दिसांनी.

रविवार, १३/१०
दोन्ही पट्ट्या बसल्या. लावलं. गाणारी बाई जशी आमच्या मोरीच्या दारात उभी. तिनं श्वास घेतलेला ऐकू आला. लगेच बंद केलं, न्हाई तर गल्ली येऊन बसली असती चहाला.
कपडा उद्या चढवू, म्हणाले हे. आजच चढवू म्हणत होते मी.

सोमवार, १४/१०, खंडेनवमी
झेंडू आणायला गेल्ते. तेवढ्यात आत्याबाईंनी हत्यारांची पूजा मांडली. पक्कड, पेचकस, माझी कातर, सगळं पाटावर. दारालाबी कुंकू लागावं म्हणून पाट सरकवत सरकवत नेला उजव्या दाराला टेकवून. उघड्या. आत ओळीनं लोहचुंबक, म्हशीला ओढतील असे. कातर पाटावरून उडाली ती थेट पट्टीवर. मधोमध फाडली. कुंकू, तांदूळ सगळं आत.
मी आल्ते तर आत्याबाई हात जोडून. "देवीनं घेतली गं."
"देवीला काय पन्नी खायची हौस!"
"मंग लोखंडाची पूजा चुंबकापुढं करू न्हाई, हे कुणी सांगितलं मला?"
खरंय. ह्यांनी मला शंभरदा सांगितलं, स्वतःच्या आईला एकदा न्हाई.
पन्नी संपली. उद्या दसरा.

मंगळवार, १५/१०
सकाळी हे म्हणाले, "तू पुरणाचं बघ. माझ्याकडं एक तुकडा निघाला." मी पुरणात. बाहेर आले तवर कपडा शिवून झालता.
बंगल्यावर लावलं. वाजलं. शेठाणीनं डोळे पुसले, माझ्या हातात आपट्याचं पान दिलं. पोरगा म्हणाला, बढिया. शेठ खुर्चीत, मान उजवीकडं कलती.
येताना टेम्पोत हे हसून राह्यले. "उजव्यात दोन बारके भोंगे बसवले, कपड्यामागं. कळलं कुणाला?"
आपट्याचं पान हातातच होतं. खाली टाकावं वाटलं. शब्द माझा, अन् भोंगे ह्यांचे.

गुरुवार, १७/१०
शेठचा ड्रायव्हर आल्ता. निरोप, "एक बाजू सच बोलती, एक झूठ. बाईला भेजो."
बाईला. ह्यांना न्हाई.
हे म्हणाले, "म्हातारा झाला. आंधळा हाय."
"डोळ्यानं आंधळा हाय, कानानं न्हाई."
मंठ्याला गेले. तिथं बंद पडलेल्या टूरिंग टॉकीजचा अँप्लिफायर एकाच्या गोठ्यात पडून होता. शेणातनं काढला. एसटीत शेजारचा माणूस उठून मागं गेला. मलाच माझी किळस आल्ती, त्याला काय बोलू. पण कंडेन्सर शाबूत.

शनिवार, १९/१०
पट्टी झाली, निऱ्या एकसारख्या. पुठ्ठ्याच्या नळीत घालून निघाले. हे मागनं आले.
बंगल्यात शिरायच्या आधी केसातल्या पिना काढल्या, पदराची पिन काढली, पायरीवर ठेवल्या. ह्यांच्या हातात पक्कड. मी म्हणाले, "लोखंड बाहेर." ठेवली.
कपडा उसवला. भोंगे काढून टेबलावर ठेवले, सगळ्यांपुढं. शेठनं हात पुढं करून चाचपले. पत्र्याच्या डबीएवढे.
"ये झूठ किसका?"
हे माझ्याकडं बघून राह्यले. मी पट्टीचं वरचं टोक बसवत होते. मान वर केली न्हाई.
खालचं टोक बसायच्या आधी लाईट गेली. शेठ म्हणाले, कल आओ.
रस्त्यात हे, "उद्या तू एकटीच जा. पट्टी तुलाच बसवता येते."
"पट्टी मी बसवते. शेठनं विचारलंय त्याचं उत्तर मला येत न्हाई."
घरी येऊन ह्यांनी पाणी पिलं, भिताडाकडं तोंड करून झोपले. जेवले न्हाईत.
लाईट सकाळी दहाला येते. मी निघणार. ह्यांची पक्कड मी खुंटीला लावून ठेवलीय. उद्या हे आले तर ती लागणार न्हाई, उत्तर लागेल.