चष्मा उतरल्यावरचं पहिलं पत्र

भिवंडी,
रविवार, २३ नोव्हेंबर

चि. अदिती,
अनेक आशीर्वाद.

'इकडे सर्व ठीक' असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. ते वाक्य राहू दे.

काल डॉक्टरांनी तुला वाचायची परवानगी दिली. चष्म्याशिवाय वाचलेलं हे तुझं पहिलंच पत्र असेल. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे.

आधी डोळ्यांचं. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतील, काही आठवडे तसं होतं म्हणे, घाबरू नकोस. डोळे कोरडे पडतील, खुपतील. थेंब चुकवू नकोस. बाहेर पडताना गॉगल लाव. आपल्या गल्लीत पॉवरलूमच्या कापसाची तूस उडते, म्हणून ऑपरेशन झाल्यावर तुला थेट ठाण्याला निशामावशीकडे ठेवलं. १४ तारखेच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत खरंच तेवढंच कारण होतं.

त्या संध्याकाळी भाऊ चहा पिता पिता कलंडले. डॉक्टर घरी आले, बघून म्हणाले, आता हलवू नका, जवळच्यांना बोलवा.

मी तुला आणायला निघाले होते. चपला पायात होत्या. तुझे बाबा दारात आडवे उभे राहिले. "तिला नको. आली की आजोबांच्या गळ्यात पडून रडणार, रडली की डोळे चोळणार. ऑपरेशनात डोळ्यावरचा कापलाय तो पापुद्रा सरकला तर जन्माचं नुकसान. आणि भाऊंचं काही झालंच, तर डोक्यावरून अंघोळ आली. पाणी लावायचं नाही म्हटलंय ना?"

"डॉक्टरांना विचारू तरी," मी म्हटलं.

"असलं विचारतात का कोणी? माधवी, तू तोंड उघडायचं नाहीस. भाऊंची शपथ आहे तुला."

तुझी आई भाऊंच्या उशाशी जाऊन बसली. मी चपला काढल्या. बाबांना दोष देत नाही. तुझ्या काळजीनेच ते तसं वागले. मी का ऐकलं, एवढंच मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी तू मावशीच्या फोनवरून बोललीस. "आत्या, भाऊंना सांग, त्यांची चष्मेवाली ढापणी मेली! आता नवीन नाव शोधा म्हणावं. दे ना त्यांना फोन."

"झोपलेत गं."

"मग एवढा आवाज कसला?"

"पाहुणे आलेत."

तेव्हा भाऊंना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. अदिती, भाऊ त्या सकाळीच गेले. तुझा मोबाईल मावशीने कपाटात ठेवला, तोही डोळ्यांना त्रास नको एवढ्यासाठी नाही. कोणाचा तरी निरोप वाचशील, ही भीती होती.

काल तपासणीला मी तुझ्याबरोबर आले ते धीर करूनच. तू मशीनवर हनुवटी टेकवून बसली होतीस, तेव्हा मी डॉक्टरांना हळूच विचारलं, "मुलगी हळवी आहे. समजा रडली, तर?"

ते हसले. "रडू द्या की! रडू नका असं मी कधी म्हटलं? चोळायचं नाही, एवढंच. आम्हीच तर कोरडेपणासाठी अश्रूंसारखे थेंब देतोय."

"पहिल्या दिवशी रडली असती तरी?"

"तरी. झोपताना लावायची ती प्लॅस्टिकची ढाल दिवसाही लावायची, म्हणजे हात जात नाही. का हो, काय झालं?"

मी "काही नाही" म्हटलं.

बाहेर आल्यावर तू समोरच्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचल्यास आणि म्हणालीस, "मला घरी नेशील तेव्हा तू आधी आत जायचं नाही हं. मी एकटी जाणार भाऊंसमोर. नाक कोणावर गेलंय ते चष्मा उतरला की बघतो, म्हणालेत." तेव्हाही मला बोलता आलं असतं. ज्यांची शपथ ते गेले, तरी शपथ मी मोडली नाही.

आणखी एक आहे. हे नाही लिहिलं तर बाकीचं लिहूनही खोटंच होईल.

शेवटच्या सकाळी त्यांनी विचारलं, "ढापणी आली का?" डोळे नीट उघडत नव्हते. मी म्हटलं, "आली." त्यांनी माझा चेहरा चाचपला. बोटं माझ्या चष्म्यावर येऊन थांबली. "अजून आहेच की गं," म्हणाले. त्यानंतर ते बोलले नाहीत. तुझं ऑपरेशन फसलं असं समजून गेले ते, अदिती. त्यांना ते माझ्यामुळे वाटलं.

तेरावं झाल्यावर तुला आणायचं आणि मग सांगायचं, असं घरात ठरलं आहे. पण उद्या दहावा आहे. शेजारचा धनेश गाडी घेऊन ठाण्याला निघाला आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. तो खाली थांबेल. यायचं की नाही ते तूच ठरव. बाबा चिडतील, त्यांचं मी बघते. बघता येईल का, ठाऊक नाही.

माफी मागत नाही. तुला आत्ता माफ करायलाही लावू नये.

रड, हवं तेवढं रड. डोळे मात्र चोळू नकोस.

तुझी आत्या,
माधवी