वर कोळसा, खाली वड्या

दादा,
आज 'तीर्थरूप' लिहावंसं वाटत नाही. नुसता नमस्कार घे.

आपल्या भट्टीचं पोतं मिळालं. वर चार बोटं अस्सल लाकडी कोळसा आणि खाली भुकटी दाबून केलेल्या वड्या! मी काय दूधखुळी वाटले तुला? मालकीणबाईंना मीच छातीठोकपणे सांगितलं होतं, आमच्या बाबांच्या कोळशाला तोड नाही. अंगणात पाहुणे ताटकळले, जाळीवर मांस कच्चं आणि वड्या नुसत्या धुमसत होत्या. चारचौघांत माझं नाक कापलंस.

दर पत्रात लिहितोस, बाबा ठणठणीत आहेत, रोज भट्टीवर बसतात. बाबा तिथे असते तर हे पोतं दाराबाहेर पडलं नसतं.

थापा पुरे झाल्या. बाबा कधीपासून अंथरुणावर आहेत?

अजून तरी तुझीच बहीण,
धाकटी