आपलं रक्त इथं द्याल का?

सोमवार, ५ जून

राजधानीहून, लिलोंग्वेहून, मास्तरीण आली! एलुबी न्योंडो. वय तिशीच्या आत, आवाज मात्र मुख्याध्यापिकेचा. दोन महिने आमच्या लॅबला वळण लावणार. मग तपासणी. पाचपैकी तीन तारे मिळाले तर कापडाखाली झाकलेलं ते मशीन रुग्णांसाठी सुरू करता येईल. एचआयव्हीच्या माणसांच्या रक्तात विषाणू किती उरलाय, ते दोन तासांत सांगणारं मशीन! आत्ता नळ्या दर सोमवारी गाडीने राजधानीला जातात. उत्तर यायला दोन महिने. तोवर माणूस घोरात.

पहिल्याच तासाला तिने चिठ्ठ्या वाटल्या. "तुमचं किंवा घरातल्या कुणाचं रक्त शेवटचं कुठं तपासलंत? नाव घालू नका."

आम्ही पाच जण, चिठ्ठ्या पाच. मिशनचा दवाखाना, मिशन, झोंबा, मिशन, ब्लँटायर. इथं? एकही नाही!

साउकिला आमच्यात जुना. त्याला गप्प बसवतंय कोण? "अहो बाई, स्वयंपाक करणाऱ्याला स्वतःच्या हातचं गोड लागत नाही."

"तो शेजारच्या घरी जाऊन जेवायला लागला, तर मी ताटावरून उठेन," ती म्हणाली.

सगळे हसले. मीही. ब्लँटायरची चिठ्ठी माझी होती.

गुरुवार, ८ जून

साउकिलाने ऑगस्टची रजा आत्ताच टाकली. दाताला, झोंबाला! दर सहा महिन्यांनी दात. याच्या तोंडात दात आहेत तरी किती?

मी कोणत्या तोंडाने हसते म्हणा. माझीही रजा ऑगस्टातच, ब्लँटायरच्या मावशीसाठी. मावशीला जाऊन सात वर्षं झाली. तिथल्या दवाखान्यात आईच्या माहेरचं आडनाव सांगून विषाणू मोजायला रक्त देते आणि उलट्या बसने परत. गोळ्याही तिथूनच. इथं द्यायचं तर नाव रजिस्टरवर चढणार, आणि ते रजिस्टर साउकिला लिहितो. नऊ वर्षं एका बाकावर बसतो आम्ही. त्याला कळलं तर माझ्या कपातला चहा तो पिईल का? माहीत नाही. माहीत करून घ्यायची हिंमतही नाही.

दर वेळी पिशवीभर शेंगा देतो बिचारा. "मावशीला दे, म्हाताऱ्या माणसाला ताकद येते." बसस्टँडवर बसून मीच खाते.

शुक्रवार, ९ जून

लॅबच्या परीक्षेच्या पाच नळ्या आल्या, कशात किती विषाणू ते आम्ही ओळखायचं. उत्तरं पाठवणाऱ्यांपाशी, घाम आमचा. साउकिला म्हणाला, "मी करतो, दोनदा करतो. पाहुण्यांच्या ताटात कोंबडीची तंगडीच वाढायची असते."

एलुबी म्हणाली, "नाही. ज्याची पाळी त्याने, एकदाच. रुग्णाला करता तसंच." सोमवारी पाळी माझी. तोवर नळ्या फ्रीजमध्ये.

सोमवार, १२ जून

केलं. परीक्षेपुरतं मशीन उघडलं, पाचही नळ्या एका दमात. स्वतःवर खूश आहे.

मंगळवार, २७ जून

पाचपैकी चार बरोबर. पाचवी चुकली. त्या नळीत थोडा विषाणू होता. मी लिहिलं, 'आढळला नाही.'

साउकिला म्हणाला, "चार म्हणजे चांगलेच की!" एलुबीने नुसतं विचारलं, "पाचवी नळी एखाद्या बाईची असती तर?"

त्या बाईला आम्ही सांगितलं असतं, सगळं ठीक आहे, जा घरी. जेवणाच्या सुट्टीत पाचही नळ्यांच्या नोंदी पहिल्यापासून वाचून काढल्या.

गुरुवार, २९ जून

सापडलं! आणि कुणामुळे? आमच्या झाडूवाल्या नाबंदाआजीमुळे.

फ्रीजच्या दारावर तापमानाचा तक्ता असतो. रोज ४, ४, ४. साउकिलाचं अक्षर मोत्यासारखं. फक्त रविवारच्या घरात खाडाखोड. एलुबीने कागद उजेडात धरला. खोडलेला आकडा ११!

आजीला बोलावलं. ती भडकलीच. "मला म्हणालात, रविवारचा आकडा तू लिही, मी लिहिला. डबा गरम तर गरम! डिझेल वाचवायला रविवारी तुम्हीच जनरेटर बंद ठेवता. मी काय मनाने लिहू?"

साउकिला खाली बघून म्हणाला, "मला वाटलं, म्हातारीला नीट वाचता येत नाही."

म्हणजे पूर्ण इमारतीत खरा आकडा लिहिणारं माणूस एकच, आणि तिचं आम्ही खोडत होतो. परीक्षेच्या पाचव्या नळीतला थोडासा विषाणू त्या उबेत नष्ट झाला. पण रुग्णांच्या नळ्याही सोमवारच्या गाडीची वाट बघत त्याच फ्रीजमध्ये असतात! लाज वाटली. फार वाटली.

शनिवार, १ जुलै

आज साउकिला चुकांचं रजिस्टर ओढून स्वतःच लिहायला बसला. "खाडाखोड माझ्या हातची, कबुलीही माझ्याच हातची." पूर्ण पान भरलं. मग आजीला साखर घालून चहा नेऊन दिला. आजी म्हणाली, "साखर कमी आहे."

सोमवार, १० जुलै

फ्रीजला जनरेटरची वेगळी तार. रविवारीही चालू. तक्ता आता आजीच्या ताब्यात, आणि तिच्या आकड्याला हात लावायची कुणाची टाप नाही! ज्यांच्या नळ्या रविवारी त्या गरम फ्रीजमध्ये होत्या, त्या माणसांना पुन्हा बोलावलंय. साउकिला स्वतः खुर्ची टाकून बसतो आणि प्रत्येकाला सांगतो, "चूक आमची झाली." एक बाई चिडली. बाकीच्यांनी मुकाट्याने हात पुढे केला.

सोमवार, ३१ जुलै

दुसऱ्या परीक्षेचं उत्तर आलं. या नळ्याही शुक्रवार ते सोमवार फ्रीजमध्येच होत्या. पाचपैकी पाच! एलुबी हसली. हिला दात आहेत हे आज कळलं.

बुधवार, ९ ऑगस्ट

तपासणी. पाहुण्यांनी फडताळं उघडली, नळ्या मोजल्या, शेवटी म्हणाले, "आता तुमची सगळ्यात मोठी चूक दाखवा."

साउकिलाने रजिस्टर आणलं, बरोबर ते पान काढलं आणि लग्नाचा फोटो दाखवावा तसं त्यांच्यापुढे धरलं. पाहुण्यांनी दोनदा वाचलं. आजीला भेटायचं म्हणाले.

तीन तारे!! चौथा अकरा गुणांनी हुकला. अकराच! आजी म्हणाली, "तो आकडा माझा." मनापासून हसले आज, किती दिवसांनी.

शुक्रवार, १८ ऑगस्ट

सोमवारी मशीन सुरू. साउकिलाने दाताची रजा रद्द केली. मला मात्र शेंगांची पिशवी दिली. "उद्या मावशीकडे ना?"

हो म्हणाले. घरी आल्यापासून एलुबीची चिठ्ठी डोक्यातून जात नाही. फ्रीज नीट आहे. हात नीट आहेत. मग मी बसमध्ये का बसतेय?

शनिवार, १९ ऑगस्ट

गेले नाही.

सोमवार, २१ ऑगस्ट

मशीनवरचं कापड काढलं. दुपारी गर्दी ओसरल्यावर साउकिलापुढे माझा फॉर्म ठेवला. नाव माझं, आडनाव माझं. त्याने वाचला. मग रबर बांधलं, रक्त काढलं, नळीवर माझं नाव मोत्यासारखं लिहिलं.

मग स्वतःची बाही वर केली आणि खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला. आधीच भरलेला.

"आता माझं तू काढ."

"आणि दात?"

"दात धडधाकट आहेत गं. मावशी कशी आहे?"

"वारली. सात वर्षं झाली."

शेंगा आम्ही दोघांनी बाकावर बसून संपवल्या. चहा एकच कप होता, तोही अर्धा अर्धा.