समोरच्या बाईने घातलेली वेणी

३ तारीख

पोचलो एकदाच्या. नात परदेशात शिकाऊ म्हणून लागली आणि शेपटासारखी मीही मागे आले. सून म्हणाली, पोरगी एकटी नको. मला तेवढंच हवं होतं. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकी मोठी, नळाला गरम पाणी. चैन आहे. संस्था धर्मादाय. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारायच्या, हेच काम. मी म्हटलं, हे तर घरी फुकट करत होतीस. तर म्हणते, आजी, इथेही फुकटच आहे! दोघी पोट धरून हसलो. मग तिची वेणी घातली. पहिलाच पेड असा आवळते की डोळे ताणले जातात. त्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही.

७ तारीख

तिला एक बाई नेमून दिली आहे. गल्लीच्या पलीकडे, अगदी आमच्या खिडकीसमोर. संस्थेची रीत अशी की रिकाम्या हाताने जायचं नाही. घरचं काहीतरी न्यायचं, वस्तू, गाणं, गोष्ट, काहीही. म्हणजे आपलंच माणूस आल्यासारखं वाटतं. पोरीने माझी शाल नेली. मला न विचारता. बाई फार गोड आहे म्हणे. म्हटलं, जपून ठेव, मुंग्या लागतील.

१२ तारीख

आज माझं अंगाईगीत नेलं. बाईला आपली भाषा येत नाही, तरी एका दमात पाठ झालं म्हणे. संध्याकाळी गुणगुणायला गेले तर मला पहिली ओळच आठवेना. वय झालं, दुसरं काय. पण जेवताना सगळं त्या आजी असं आणि त्या आजी तसं. म्हटलं, इथे एक जिवंत बसली आहे, तिच्याकडेही बघ. म्हणाली, जळतेस तू. जळतेच. हिला न्हाऊमाखू मी घातलं, त्या बयेने नाही.

१८ तारीख

पोरगी कामावरून आली ती वेणी घालून. पहिला पेड आवळलेला. माझाच. आजची भेट म्हणून बाईला शिकवला म्हणे. मी तावातावाने वेणी सोडली. पुन्हा घालायला घेतली तर — तीन पेड हातात, आणि पुढे काय करायचं ते बोटांना ठाऊक नाही.

१९ तारीख

सकाळीच तिकडे पळाली. वेणी घालून घ्यायला. दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. बाईच्या खांद्यावर माझी शाल. पोरीला रागे भरत होती. माझ्या शब्दांत. माझ्या आवाजात.

२१ तारीख

पोरगी घरी आली नाही. फोन केला. तिने विचारलं, कोण बोलतंय? मागून कुणीतरी म्हणालं, कुणी नाही गं, चुकीचा नंबर.

असं तर मी म्हणते. आवाजही माझाच.

सुनेला फोन लावला. ती म्हणाली, सासूबाई मजेत आहेत, आत्ताच त्यांच्याशी बोलले, तुम्ही कोण —

२४ तारीख

दार वाजलं. माझी पोर! गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. अहो आजी म्हणाली मला. तुम्हाला कुणी नाही ना, म्हणून पाठवलंय म्हणे. पुढच्या वेळी घरून काय आणू? घरी माझी आजी आहे, तिच्याकडे खूप काही आहे.

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. समोरच्या बाईलाही कधीकाळी नात असेल. तिचंही सगळं असंच कुणीतरी नेलं असेल. असो. मला काय त्याचं.

म्हटलं, तुझ्या आजीची वेणी आण.

२५ तारीख

पोर कंगवा आणायला आत गेली आहे, तेवढ्यात लिहिते. शिकवलं तिने. पहिला पेड आला — आवळून — बोटांना सगळं आठवलं —

समोरच्या खिडकीत ती. हात पुढे धरून नुसती बोटांकडे बघते आहे.

आता खिडकीत नाही. जिन्यावर पावलं.

दार बडवते आहे. पोर आतून विचारते, आजी, कोण आहे गं?

म्हटलं, कुणी नाही गं, चुकीचं —