दाराजवळचं बाक

प्रिय काकू,

लिहीन लिहीन म्हणत वर्ष ढकललं. मला एचआयव्ही निघाला आणि तू माझा कप वेगळा काढून खिडकीत ठेवलास, तेव्हापासून भटकतोच आहे. गोळ्या चालू आहेत, तब्येत ठणठणीत.

सध्या एका विद्यापीठात खुर्च्या लावायचं काम मिळालंय. नव्या मुलांची तीच, एचआयव्हीची तपासणी चाललीय. इथला पंखा तुझ्या शिलाई मशीनसारखा खडखडतो, पण ते जाऊ दे. ज्यांचं रक्त पुन्हा तपासायचं, त्यांना सगळ्यांदेखत दाराजवळच्या बाकावर बसवतात. रांगेतली पोरं खिदळतात, "काय रे, लागला का नंबर?" मी तपासणीवाल्या मॅडमना म्हटलं, "यांना आतल्या खोलीत बसवा की."

"तू खुर्च्या उचल, बाबा."

शी! लोकांना आमच्या रक्ताची किळस वाटते. मला या बाकाची वाटते.

अगं, आत्ता त्या बाकावर तुझी लेक, आपली चिमी येऊन बसली! तिनं इथं प्रवेश घेतलाय हेही मला ठाऊक नव्हतं. सॅक पोटाशी घट्ट धरलीय, मैत्रिणी लांब जाऊन उभ्या राहिल्यात.

आता हे पत्र पाठवत नाही. काय सांगायचं ते तिचं ती सांगेल. मी तिच्या शेजारी बसायला चाललोय.

तुझाच,
खिडकीतल्या कपाचा धनी