नवतप्यातले उपाय आणि गुरांची डोणी

मु. बोदलकसा येथील श्री. पुनारामजी व्याही यांस चैतरामचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडे मी जिवंत आहे, हीच खुशाली. तुमचा गुडघा कसा आहे, विहीणबाईंचा खोकला गेला का, ते कळवावे.

हे पत्र लिहून राहिलो ते तुमच्या लेकीची तारीफ करायला. नवतप्याच्या, त्या नऊ आगीच्या दिवसांतल्या, पाचव्या दिवशी भर दुपारी मी तलावाची पाळ पाहायला गेलो (काऊन गेलो ते विचारू नका, आईने विचारून विचारून झालं आहे) आणि ऊन लागून तिथेच आडवा झालो. अंग तव्यासारखं, तोंडाने नुसती बडबड. माणसांनी उचलून अंगणातल्या कडुनिंबाखाली टाकलं आणि उपायांची जत्रा भरली. मनिराम वैद्याने तळपायांना कांदा चोळला. (थोडं तेल असतं तर भजीच झाली असती.) आईने कैरीचं पन्हं पाजलं, शुद्धीतल्या माणसाला ते अमृत, माझ्या मात्र नाकात गेलं. मुन्नालाल शेठ म्हणाले बर्फच पाहिजे, आणि गोंदियाला माणूस धाडला. तो दिवस मावळता आला, पोत्यात फक्त ओला भुसा घेऊन.

आता तुमच्या कुंदाचा उपाय ऐका. लहान भावाची बायको थोरल्या दिराला, भासऱ्याला, शिवत नाही, त्याच्यासमोर बोलत नाही, हे मी तुम्हाला काय सांगू! पण तिने पदर खोचला, गुरांची पाण्याची लांब डोणी विहिरीच्या गार पाण्याने भरली आणि माझ्या बगलेत हात घालून सरळ ओढलं. मनिराम ओरडला, अरे, भासऱ्याला शिवली! तशी ती म्हणाली, "भासरे मेल्यावर कोणाची मर्यादा पाळू? पाय धरा!" वैद्याने मुकाट्याने पाय धरले. मी गळ्यापर्यंत पाण्यात, वरून तिचा सुपाने वारा. अर्ध्या तासात मी डोळे उघडले. कांदा, पन्हं, बर्फ, सगळे झक मारतात त्या डोणीपुढे. असं डोकं आमच्या साऱ्या खानदानात नाही, आईशपथ!

तुमचा,
चैतराम

ता. क. डोळे उघडल्यावर मी पहिलं काय बोललो, ते तुमच्या कानावर आलंच असेल. "मला कोणी बाटवलं?" असं बोललो. दुसऱ्याच सकाळी ती माहेरी निघून आली. ऊन डोक्यात चढलं होतं, असं सांगणार होतो. पण ऊन तर तिने तेव्हाच उतरवलं होतं. रविवारी केवळराम नागपूरहून येतो आहे. बायको कुठे म्हणून विचारलं, तर भावाला काय तोंड दाखवू?

आणखी एक. व्याहीबुवा, तुम्हाला अक्षरओळख नाही आणि तुमच्या घरी पत्र कोण वाचतं, ते मला माहीत आहे. समोर बोलता येत नाही, म्हणून हा कागद. शनिवारी मी स्वतः गाडी घेऊन येतो. कुंदा, पोरी, मी चुकलो. हे मोठ्याने वाच, घरातल्या सगळ्यांना ऐकू दे.